लपविलेला ठेवा आणि त्याचा राखणदार

समाज कोणते ग्रंथ वाचतो, कोणती नाटके पाहतो, यावरून त्याच्या अभिरुचीची पारख करण्याची आपल्याकडे रूढी आहे. तो कोणते खेळ खेळतो, इकडे मात्र समीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक खेळ हीही एक रचनाच होय. तिला नियम असतात, आरंभ आणि शेवट असतो; आणि ज्या भूमीवर खेळ खेळला जातो त्या भूमीविषयी खेळणाराची समजूत काय आहे, हे त्या नियमांत स्पष्ट उमटलेले असते. या दृष्टीने एका नव्या खेळाचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे. खेळ परदेशी आहे. परंतु त्याला साजेशी भूमी आपल्या भाषेच्या प्रदेशातही आहे, आणि देवस्थानांशी ज्यांचे नाते आहे अशा आमच्या वाचकांस त्याविषयी विचार करण्याचे विशेष कारण आहे, असे आम्हांस वाटते.

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. नावाचा पूर्वार्ध भूमिवाचक आहे, उत्तरार्धाचा अर्थ लपवून ठेवलेला साठा असा आहे. आपल्या भाषेत त्यास ‘ठेवाशोध’ म्हणता येईल, आणि पुढील विवेचनात लपविलेल्या वस्तूला आम्ही ‘ठेवा’ असेच म्हणू. खेळाची रीत साधी आहे. एकाने पाणी न शिरणारी लहानशी डबी एखाद्या जागी दडवावी, त्या जागेचे अक्षांश व रेखांश जाहीर करावेत. दुसऱ्याने उपग्रहांकडून स्थान कळविणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने तेथे जावे, डबी हुडकावी, आतील चिटोऱ्यावर अथवा वहीत आपले नाव व तारीख लिहावी आणि डबी जशी होती तशी परत ठेवावी. डबीत एखादी क्षुल्लक भेटवस्तू असल्यास ती घेता येते. मात्र तिच्या तोडीची दुसरी वस्तू मागे ठेवली पाहिजे, असा संकेत आहे.

खेळाची जन्मतारीख निश्चित सांगता येते. अमेरिकेचे स्थाननिर्देशक उपग्रह सैन्यासाठी सोडलेले होते आणि सामान्य नागरिकांस मिळणारा त्यांचा संदेश मुद्दाम बिघडवून दिला जात असे; त्यामुळे स्थानात सुमारे शंभर मीटरपर्यंत चूक होई. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा बिघाड काढून टाकण्यात आला आणि तीच चूक दहावीस मीटरांवर आली. लागलीच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर नामक गृहस्थाने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली अर्धवट पुरून तिचे स्थान जाहीर केले. बादलीत पुस्तके होती, थोडे पैसे होते, आणि घेवड्याचा एक डबाही होता. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत असे सांगतात. या कल्पनेचा एक पूर्वज मात्र बराच जुना आहे. इंग्लंडातील डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली आणि तेथवर चालत जाणारांनी तीत आपल्या नावाचे कार्ड टाकावे अशी प्रथा पाडली. म्हणजे यंत्र नवे असले तरी दूरच्या स्थळी आपल्या नावाची खूण ठेवून यावी ही इच्छा नवी नव्हे. ज्यांनी नाशिकास अथवा त्र्यंबकेश्वरास तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या पणजोबांची सही पाहिली आहे, त्यांस ती इच्छा समजावून सांगावी लागणार नाही.

या खेळाला ज्या जागा विशेष मानवल्या त्यांत बंद पडलेले रेल्वेमार्ग येतात. गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाकांचे इंजिन तीव्र चढ चढू शकत नाही. म्हणून रेल्वे बांधणारांस डोंगर फोडून आणि ओढ्यांवर भराव टाकून चढ सौम्य करावा लागतो. रूळ उखडले तरी हा सौम्य चढ उरतो, आणि म्हातारे, मुले, सायकलवाले अशा सर्वांना चालण्याजोगी वाट आयती मिळते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने एका रेल्वे कंपनीने सोडून दिलेला मार्ग १९६५ साली विकत घेऊन एलरॉय ते स्पार्टा अशी सुमारे ३२ मैलांची वाट केली. तीत तीन बोगदे आहेत. इंग्लंडातील डर्बीशर परगण्यात १९६८ साली बंद पडलेल्या मार्गावर १९८१ साली मॉन्सल नावाची वाट सुरू झाली, आणि तिच्यावरील बंद ठेवलेले बोगदे २०११ साली पादचाऱ्यांसाठी उघडण्यात आले. अशा वाटांवर मोऱ्या, मैलाचे दगड, फलाटांचे अवशेष जागोजागी असतात. ठेवा लपविणारास याहून अधिक काय हवे?

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. पांढुर्णा आणि सौंसर ही नावे गोमंतकातील व कोकणातील आमच्या काही वाचकांस अपरिचित असतील. नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांनी वेढलेली ही दोन मराठीभाषी गावे आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि ही गावे मध्य प्रदेशातच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा नागपूर–इटारसी या मोठ्या मार्गावर आहे. सौंसरास मात्र बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली अडीच फुटी मापाची लहान गाडी लाभली. नागपूरहून सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी ठाणी घेत ती घाट चढून छिंदवाड्यास जात असे. एका टोकास मराठी नागपूर, दुसऱ्या टोकास हिंदी छिंदवाडा, आणि मध्ये दोन्ही भाषा सहज बोलणारा प्रदेश, असा तिचा प्रवास होता. २०१५ साली ती बंद झाली. पुढे टप्प्याटप्प्याने रुंद मापाचा मार्ग झाला आणि आता त्यावर मोठ्या गाड्या धावतात. या लहान मापाच्या रेल्वेची आठवण म्हणून नागपुरात मोतीबाग येथे २००२ सालापासून संग्रहालय आहे.

जेथे नवा मार्ग जुन्याच्याच अंगावरून गेला तेथे जुने काही उरण्याचे कारण नाही. परंतु जेथे त्याने वळण किंवा बाजू बदलली तेथे जुन्या गाडीचा अरुंद भराव, तिची दगडी मोरी, तिचा कापलेला डोंगर मागे राहतो. आणि अशा तुकड्यांचे काय करावे हा प्रश्नही मागे राहतो. दुर्लक्ष केल्यास दगड उपसले जातात, भराव शेतात मिसळतो आणि दोन पिढ्यांनी गाडी येथून जात होती हे सांगणारेही कोणी उरत नाही. आम्ही येथे बोलतो ते अशा तुकड्यांवर होऊ शकणाऱ्या वाटेविषयी होय. चालू मार्गाविषयी मुळीच नव्हे. चालू रुळांवर शिरणे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ अन्वये गुन्हा आहे, आणि ओसाड दिसणारी पट्टीही रेल्वेचीच मालमत्ता असू शकते. परवानगीवाचून तेथे वाट करण्याची अथवा डबी ठेवण्याची गोष्टच काढू नये.

प्रथम या खेळाचा गुण सांगतो, कारण तो खरा आहे. सामान्य प्रवासी प्रेक्षणीय म्हणून ठरविलेल्या स्थळी जातो आणि मधली वाट डोळे मिटून ओलांडतो. ठेवाशोध त्यास मधल्या वाटेवर थांबवितो. जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते अशा मोरीपाशी तो वाकतो, तिची कमान पाहतो, दगडांतील चुना चाचपतो. ही दगडी बांधणी कोणी केली, हे पाणी कोठून येते, असे प्रश्न त्याच्या मनात येण्यास निदान जागा होते. बहुधा एका नामांकित दृश्याऐवजी अनेक अनामिक जागांकडे मनुष्यास नेण्याची ही युक्ती आपल्या तीर्थयात्रेच्या जुन्या शहाणपणास परकी नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा भाविक नदीस उजव्या हाताशी ठेवून चालतो. वाटेतील प्रत्येक घाट, प्रत्येक झाड त्याच्या यात्रेचा भाग असतो. पायी चालण्याने भूमी कळते, ही श्रद्धा दोहींकडे समान आहे. एवढ्यापुरते आम्ही या खेळाचे स्वागतच करू.

परंतु त्यात तीन दोष आहेत आणि ते वरवरचे नाहीत. पहिला दोष मोजणीचा. खेळाच्या नियमाप्रमाणे दोन ठेव्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. नियम गर्दी टाळण्यासाठी केला. परंतु पुष्कळांनी तो किमान अंतराऐवजी मापाची पट्टी म्हणून वापरला. लांब, सरळ वाटेवर दर १६१ मीटरांस एक डबी ठेवीत गेल्यास दहा किलोमीटरांत साठाहून अधिक ठेवे होतात. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील एका ओसाड महामार्गावर तर अशा हजाराहून अधिक डब्या एका ओळीने ठेवल्या गेल्या. या रांगांवर एक चमत्कारिक रीत रुजली. शोधणारा पहिली डबी उचलून गाडीत घेतो, चालत्या गाडीतच तिच्यात आपले नाव लिहितो आणि ती पुढच्या जागी ठेवून तेथील डबी उचलतो. अशा रीतीने एका दिवसात शेकडो ठेवे ‘सापडतात’. ज्या खेळाचा सारा डौल विशिष्ट जागेवर होता, त्यात आता जागेस काहीच अर्थ उरत नाही. पहिल्या मोरीचा ठेवा तिसऱ्या मोरीपाशी गेला तरी कोणाचे बिघडत नाही, कारण कोणी मोरी पाहिलेलीच नसते.

यावर कोणी म्हणेल की, मोजणी तर आपणही करतो. जपमाळेत १०८ मणी असतातच. आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. जपात मणी मोजतात ते मन नामावर राहावे म्हणून. मेरुमण्यापाशी आले की माळ उलट फिरवावी, मेरू ओलांडू नये, असा दंडक आहे. मोजणी धावत सुटू नये म्हणून तिच्या पायात घातलेली ही बेडीच होय. ठेव्यांच्या रांगेस असा मेरू नाही. तेथे संख्या कोणत्याही दुसऱ्या गोष्टीची सेवा करीत नाही, आणि जी मोजणी कोणाची सेवा करीत नाही ती लवकरच धनी होऊन बसते. बंद रेल्वेमार्गाची लांब, सरळ पट्टी या दोषास विशेष अनुकूल आहे, हे ध्यानात ठेवावे. सौंसरकडे कोणी असा खेळ आणू इच्छीत असेल तर त्याने पहिला निश्चय हाच करावा की, ठेवे थोडे असतील आणि प्रत्येकाच्या जागेस स्वतःचे कारण असेल.

दुसरा दोष गुप्ततेचा. जे हा खेळ खेळत नाहीत त्यांना खेळाडूंनी एक नाव ठेवले आहे. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांत जादू न येणाऱ्या सामान्य मनुष्यास ‘मगल’ म्हणतात. तोच शब्द यांनी उचलला. मगलांच्या नजरेस न पडता डबी काढावी आणि ठेवावी, हे कौशल्य समजले जाते. शहरातील बागेत ही गंमत ठीक असेल. परंतु सौंसरजवळच्या जुन्या भरावावरून कोण चालत असते? संत्र्याच्या बागेत कामास जाणाऱ्या बाया, शाळेस जाणारी मुले, गुरे वळणारा मनुष्य. ती वाट त्यांच्या पायांनी टिकलेली असते. त्यांच्यापासूनच लपवावयाचे आणि परगावच्या अनोळखी माणसास मात्र दाखवावयाचे, यात आम्हांस खेळापेक्षा उपमर्दच अधिक दिसतो. वाटेचा जो खरा जाणता, तोच या नियमाने अडाणी ठरविला जातो.

या गुप्ततेचे व्यावहारिक परिणामही आहेत. इंग्लंडातील वेदरबी गावी २०११ साली एका उपाहारगृहाबाहेर कोणी मनुष्य काहीतरी ठेवताना दिसला; बाँबच्या संशयावरून पथक आले आणि त्यांनी ती वस्तू स्फोटाने उडवून दिली. तो ठेवा होता. आपल्या देशात पुलाखाली वाकून डबी दडविणाऱ्या अनोळखी मनुष्यास लोक काय समजतील, हे सांगावयास नको. शिवाय आपल्याकडे जमिनीत दडविलेल्या वस्तूला गुप्तधनाचा अर्थ लगेच चिकटतो, आणि गुप्तधनाच्या लोभाने खणलेल्या देवळांच्या व समाध्यांच्या कथा कोणास ठाऊक नाहीत? खेळाच्या आजच्या नियमांत जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीवाचून ठेवा पुरण्यासाठी जमीन खणण्यास मनाई आहे. परंतु डबी शोधणारास नियम ठाऊक असले तरी त्याला पाहून दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन येणारास ते ठाऊक नसतात.

उलट, जे सर्व गावाच्या साक्षीने होते ते चांगलेच, असाही आमचा दावा नाही. पांढुर्ण्याचेच उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण बांधतात. पांढुर्णा आणि सावरगाव यांचे लोक दोन्ही काठांवरून परस्परांवर दगड मारीत ते निशाण हस्तगत करण्यास झटतात आणि शेवटी ते चंडीमातेस अर्पण होते. ही गोटमार हजारो लोक उघड्यावर पाहतात. तीत दरवर्षी माणसे जखमी होतात आणि कित्येकांचे प्राणही गेले आहेत. तेव्हा साक्षीदारांची गर्दी हे शहाणपणाचे प्रमाणपत्र नव्हे. हवी असते ती जबाबदारी घेणारी साक्ष. काय घडते ते पाहणारा, आणि बिघडल्यास उत्तर देणारा कोणी असला पाहिजे. गोटमारीत पाहणारे पुष्कळ आहेत आणि उत्तर देणारे थोडे. ठेवाशोधात पाहणाराच नको असतो. दोन टोकांचे हे दोष मुळात एकाच उणिवेतून निघतात.

ती उणीव नेमकी कोणती, हे सौंसरच्याच भूमीने एका कथेत सांगून ठेवले आहे. सौंसरपासून जवळच जामसावळी येथे मारुतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. पिंपळाखाली असलेली येथील मूर्ती निजलेल्या अवस्थेत आहे, आणि दोन्ही राज्यांतून भाविक तेथे येतात. मूर्ती निजलेली का, याविषयी लोकांत एक कथा सांगतात. मूर्ती पूर्वी उभी होती. तिच्याखाली धन आहे अशा समजुतीने काहीजण ती हलवू लागले, तेव्हा मारुतिराय स्वतःच त्या जागेवर आडवे झाले आणि धन झाकून राहिले. कथा इतिहास म्हणून तपासण्याची गरज नाही. तिचा आशय पाहावा. तीत ठेवा आहे, तो लपलेलाही आहे. परंतु तो कोठे आहे हे सर्वांस ठाऊक आहे, कारण त्याचा राखणदार सर्वांच्या डोळ्यांसमोर पहुडलेला आहे. गुप्त आहे ती वस्तू. राखण उघड आहे. ठेवाशोधात नेमके उलट होते. स्थान जगजाहीर असते आणि राखणदाराचे नाव एखादे टोपणनाव असते.

गोमंतकातील वाचकांस राखणदार म्हणजे काय हे आम्ही सांगावे असे नाही. शिवेवर, डोंगराच्या खांद्यावर, ओहोळाच्या काठी त्याचे स्थान असते. वर्षातून एकदा त्यास रोट आणि नारळ पोचतो, आणि रात्री-अपरात्री वाट चुकलेल्यास तो वाट दाखवितो अशी भावना आहे. विदर्भातील खेड्यांत हेच काम शिवेवरचा मारुती करतो. ही दैवते मोठ्या देवळांच्या मानाने साधी, उन्हापावसात बसलेली. परंतु अमुक एक जागा कोणाच्या तरी नजरेखाली आहे, हा विचार त्यांनी गावोगाव जिवंत ठेवला. बंद रेल्वेमार्गाचे दुःख हेच आहे की, त्याचा राखणदार गेला. पूर्वी फाटकवाला होता, रूळ तपासीत चालणारा गँगमन होता, स्टेशनमास्तर होता. ते गेले आणि पट्टी नुसती जमीन झाली. अशा पोरक्या जमिनीवर डबी ठेवून निघून जाणे म्हणजे पोरकेपणात भर घालणे होय. पावसाळ्यात डबीत पाणी शिरते, वही कुजते, डबीचा कचरा होतो. खेळाचे नियमही ठेवा ठेवणाराने त्याची निगा राखावी असेच सांगतात; परंतु दोनशे कोसांवर राहणारा मनुष्य निगा राखणार ती कशी?

तिसरा दोष डबीचाच आहे, आणि त्यावरचा उपाय खेळाने स्वतःच शोधला आहे, हे त्यास श्रेय दिले पाहिजे. जागा जर खरोखर पाहण्याजोगी असेल तर तेथे प्लास्टिकची डबी कशाला? डबी ठेवली की पाहणाराचे डोळे डबी शोधतात, जागा पाहत नाहीत. हे ओळखून २००४ साली अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या सहकार्याने ‘अर्थकॅश’ हा प्रकार निघाला. त्यात डबी नसते, वही नसते. त्या स्थळी जाऊन खडक, माती, पाणी यांचे निरीक्षण करावयाचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कळवावयाची, एवढेच. आमच्या मते या खेळातील हा सर्वांत प्रौढ प्रकार होय, आणि योगायोग असा की, सौंसरास तो जितका शोभेल तितका थोड्याच गावांस शोभेल.

कारण सौंसर हे नाव भूविज्ञानाच्या ग्रंथांत कायमचे कोरले गेले आहे. मध्य भारतातील अतिप्राचीन खडकांच्या एका मोठ्या मालिकेस ‘सौंसर समूह’ म्हणतात. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या भागांतील प्रसिद्ध मँगनीजच्या खाणी याच खडकांत आहेत. मुळात गाळ म्हणून साचलेले थर उष्णतेने व दाबाने पालटून त्यांचे संगमरवर आणि चकाकणारे पत्रेदार खडक बनले. यांतील मँगनीजयुक्त खडकास फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. आणि या जुन्या खडकांच्या शेजारीच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून वाहिलेला दख्खनचा काळा पाषाण पसरलेला आहे; संत्री पिकविणारी काळी माती त्याचीच. रेल्वेसाठी डोंगर कापला जातो तेव्हा हे थर उघडे पडतात. जुन्या गाडीच्या कापणीपाशी उभे राहून काळा दगड कोणता, चकाकणारा कोणता, कोणता आधीचा, असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारले आणि उत्तर मिळविले, तर त्यास सापडलेला ठेवा कोणी चोरू शकणार नाही, पावसात भिजू शकणार नाही.

येथे आमच्या वाचकांस एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. परक्या खेळाच्या डब्यांस कचरा म्हणण्यापूर्वी आपल्या यात्रांच्या वाटा पाहाव्यात. प्रसादाची वेष्टने, पाण्याच्या बाटल्या, दगडांवर रंगाने लिहिलेली नावे, झाडांस आवळलेले दोरे हे सर्व आपणच मागे ठेवून येतो, आणि त्यास भक्तीचे नाव देतो. ठेवाशोधकांत निदान एक चांगली चाल आहे: वाटेवर दिसेल तो कचरा उचलीत परतावे, असे ते परस्परांस सांगतात आणि त्यासाठी सामुदायिक मोहिमाही काढतात. जामसावळीस २०२३ साली ‘हनुमान लोक’ या नावाने मोठ्या बांधकामाची पायाभरणी झाली आहे. यात्रेकरू वाढतील, वाहने वाढतील. मंदिराचे प्रांगण भव्य होत असता तेथवर येणारी पायवाट मात्र कोणाच्या हिशेबी नसावी, असे होऊ नये.

म्हणून या खेळाविषयी आमचा अभिप्राय असा आहे. त्याची पायी चालविण्याची, थांबविण्याची आणि वाकून पाहावयास लावण्याची शक्ती घ्यावी. त्याची मोजणी आणि त्याची लपवाछपवी टाकावी. सौंसर भागात जुन्या गाडीचा एखादा तुकडा रेल्वेच्या संमतीने वाट म्हणून राखता आला तर तिच्यावर पाचसात स्थळे पुरेत: एखादी मोरी, एखादी कापणी, असेल तर जुना फलाट. प्रत्येक स्थळाची माहिती मराठीत व हिंदीत असावी, आणि प्रश्न असे असावेत की त्यांची उत्तरे वाटेवर भेटणाऱ्या गावकऱ्यास विचारल्यावाचून पुरी होणार नाहीत. गाडीची वेळ लोक कशावरून ओळखीत? बाजाराच्या दिवशी डब्यांत काय भरलेले असे? जामसावळीच्या यात्रेस येणारे कोठे उतरत? हे सांगणारी माणसे आज आहेत. २०१५ पर्यंत धावलेल्या गाडीच्या आठवणी अजून ताज्या आहेत, परंतु त्या आपोआप टिकणार नाहीत.

वही ठेवावयाचीच असेल तर ती झाडाच्या ढोलीत नको. ती शाळेत असावी, ग्रामपंचायतीत असावी, अथवा देवस्थानाच्या कचेरीत असावी. ज्याने वाट चालून पुरी केली त्याने तेथे यावे, नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि जे पाहिले अथवा ऐकले त्यातील एक गोष्ट चार ओळींत नोंदवावी. अशी वही दहा वर्षे चालली तर ती त्या प्रदेशाचा एक इतिहास होईल, आणि तो लिहिणारांत परगावचे व गावचे दोघेही असतील. देवस्थानांनी धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या, वाटसरूंची सोय पाहिली. वाटेचीही राखण करावी, हे त्याच परंपरेचे पुढचे पाऊल होईल. खर्च फारसा नाही. पावसाळ्यानंतर एकदा वाट साफ करणे, फलक पुसणे, वहीची पाने शिवणे एवढेच काम. परंतु ते दरवर्षी करणारा कोणीतरी नेमलेला हवा, आणि त्याचे नाव गावास ठाऊक हवे.